आन्केचं अर्धं कडं

शनिवारी दुपारी मी आन्केचा एप्रन आणायला ओस्वाल्डकाकांच्या कारखान्यात गेलो. काम एवढंच होतं. एप्रन, थर्मास आणि लेथपाशी उभं राहताना ती पायात घालायची ते लोकरीचे जोडे. येऊन घेऊन जा म्हणून काकांनी तीन वेळा निरोप पाठवला होता. दोन महिने मी टाळत होतो. त्या दिवशी जेवता जेवता उठलो, सूप तसंच ठेवलं, मोपेडला किक मारली आणि निघालो. माझं सगळं असंच असतं. ठरवून केलेली गोष्ट मला कधी जमली नाही.

आन्के माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई वारली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा तिनेच माझ्या थोबाडीत मारली, आणि त्याच संध्याकाळी तिनेच लाकडाच्या वखारीत माझ्यासाठी शब्द टाकला. माझ्या गाडी चालवण्यावरून ती मला धूमकेतू म्हणायची. मागे बसायची तेव्हा माझ्या पाठीला गाल टेकून डोळे मिटून घ्यायची. म्हणायची, मरायचंच असेल तर निदान बघायला नको.

ती कडी कातायची. आमच्या डोंगरात हे काम करणारे आता पाच-सहाच उरलेत. ओल्या स्प्रूसची जाड चकती लेथवर ठोकून बसवायची आणि पटाशीने तिच्यात खाचा-उंचवटे कातत जायचं. एका बाजूने जनावराचं पोट आणि पाय. मग चकती उलटी करायची आणि दुसऱ्या बाजूने पाठ आणि डोकं. शेवटी हातात लाकडाची चुंबळ असावी तसं एक कडं येतं. बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. पण सुरी लावून केकसारखे त्याचे काप काढले की प्रत्येक काप म्हणजे एक घोडा. साठ काप, साठ घोडे, एकासारखा एक. लाकूड गोल फिरत असतं, त्यामुळे दुसरं काही होऊच शकत नाही. पण कडं फोडेपर्यंत तो घोडा फक्त कातणाऱ्याच्या डोक्यात असतो.

त्यासाठी लाकूड ओलंच लागतं. म्हणून ओंडके जंगलाच्या कडेला तळ्यात बुडवून ठेवतात. एक ओंडका बाहेर काढायला दोन माणसं लागतात. एकाने आकडा अडकवायचा, दुसऱ्याने दोर ओढायचा. नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी सकाळी आन्के म्हणाली, चार वाजता मला कारखान्याच्या फाटकातून घे, तळ्यावर जायचंय. मी म्हणालो, येतो.

चार वाजता मी मित्राच्या गॅरेजमध्ये मोपेडला नवा सायलेन्सर बसवत होतो. आवाज कसा येतो ते बघत होतो. मी विसरलो नव्हतो. तेच तुम्हाला सांगायचंय. मला चांगलं आठवत होतं. मी म्हटलं, थांबेल अर्धा तास, तिचं काय जातंय.

ती एकटी चालत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बर्फाच्या पातळ सायीखालून काढलं.

आमच्याकडे एकमेकांना भेटताना, निरोप घेताना ‘सुखरूप वर ये’ म्हणतात. खाणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी तेच म्हणतात. दफनाच्या वेळी पाद्रीसुद्धा खड्ड्यात बघून तेच म्हणाला. मी तिथून निघून गेलो. लोक म्हणाले, पोराला मायाच नाही.

मला फक्त एकच गोष्ट हवी होती. ती फाटकात किती वेळ थांबली आणि मनात काय घेऊन गेली, ते मला कळायला हवं होतं. सांगू शकेल असा माणूस एकच, कारण ओस्वाल्डकाकांची खिडकी फाटकासमोर आहे. आणि नेमकं त्यांनाच विचारायची माझी छाती होत नव्हती.

कारखान्याच्या दारावर हिवाळ्यातली पाटी लटकत होती. नवशिक्यांसाठी लाकूड कातायचा वर्ग, दर शनिवारी दोन ते पाच. खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं, लाकूड काता, मन शांत करा. आत तीन-चार पेन्शनर लोक एप्रन बांधून लेथांपाशी वाकले होते. सगळीकडे ओल्या लाकडाचा, डिंकाचा आणि कॉफीचा वास. मला वाटलं होतं, मला बघून सगळे गप्प होतील. कोणी मान वर केली नाही. फक्त काका आले, आणि आन्केचा एप्रन मला देण्याऐवजी त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला आणि मागे गाठ मारली. म्हणाले, आलाच आहेस तर एक भोवरा कात.

मी पटाशी उचलली आणि लाकडावर दाबली. ती अडकली, लाकूड सुटून भिंतीवर आपटलं. दुसरं लावलं. तेही उडालं. शेजारच्या लेथवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, हेर्टविगबाई. शहरात दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “मी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात यंत्र चालवलं, बाळ. इतकं जोरात दाबलं की पेशंट परत येत नाही.”

“लाकडाशी भांडू नकोस,” काका म्हणाले. “ते आधीच मेलेलं आहे.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते वळून शेगडीत लाकडं सारायला गेले.

मी पुढच्या शनिवारी परत गेलो. का ते मला माहीत नाही. त्याच्या पुढच्याही गेलो. काका शिकवायचे ते अगदी थोडं. पटाशीचं बूड आधी लाकडाला टेकव, मग धार हळूच उतरव. हात घट्ट नको, कोपर अंगाशी. डोळ्यांनी बघू नकोस, कानांनी बघ. नीट बसलेलं लाकूड गातं, वाकडं बसलेलं ठोकतं. मी भोवरे कातले, मग मेणबत्तीची बैठक, मग झाकणाची डबी. ओल्या लाकडाच्या लांबच लांब ढलप्या मनगटावरून, खांद्यावरून जायच्या, गार आणि मऊ. एका शनिवारी घरी गेल्यावर लक्षात आलं की अख्खा अर्धा तास मला आन्के आठवली नव्हती. मला माझीच इतकी लाज वाटली की मी ती डबी चुलीत टाकली.

हेर्टविगबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, दुखणारा दात रात्रभर दुखतो आणि पहाटे जरा झोप लागते, त्यात लाज कसली? मग आपल्या पिशवीतून त्यांनी मला मनुका घातलेला पाव दिला. तो खाताना मी पहिल्यांदा रडलो. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी लेथ चालू केली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी काका लाकूडवाल्याशी बोलायला बाहेर अंगणात गेले होते. मी पटाशी धुवायला मागच्या नळावर गेलो. तिथे कोपऱ्यात एक झाकलेला टब होता. मला झाकलेली वस्तू उघडल्याशिवाय राहवत नाही. आत स्वच्छ पाणी होतं आणि पाण्यात एक चकती. एका बाजूने कातलेली, दुसऱ्या बाजूने कोरी. कडेला पेन्सिलीने आन्केची खूण होती, एक बारीक फुली आणि तिच्याखाली रेघ.

काका आत आले तेव्हा ती माझ्या दोन्ही हातांत होती, आणि पाणी माझ्या कोपरांवरून गळत होतं. ते म्हणाले, ठेव ते. मी ठेवलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या गुरुवारी दुपारी ती हे कातत होती. पोटाची बाजू झाली आणि तिने पटाशी ठेवली. म्हणाली, पाठ उद्या. दुसऱ्याचं अर्धं कडं कोणी पुरं करत नाही. आत काय आहे ते ज्याच्या डोक्यात होतं तोच जाणे. असं कडं शेगडीत घालतात, सगळे तेच करतात. काकांनी ते दोनदा शेगडीपर्यंत नेलं होतं आणि दोनदा परत आणलं होतं. तेव्हापासून ते रोज त्याचं पाणी बदलत होते, लाकूड वाळून फुटू नये म्हणून.

“काय आहे हे?” मी विचारलं.

“मला नाही कळलं. पाय नाहीत त्याला. दोन गोल आहेत, मध्ये जागा आहे. मी पन्नास वर्षं कडी कातली, पोरा. असं जनावर मी बघितलेलं नाही.”

मी अंगठा खाचेत घातला आणि फिरवला. एक गोल. पुढे जरा पोकळी, तिच्यात एक आडवा उंचवटा. मग दुसरा गोल. परत फिरवला.  ते जनावर नव्हतंच. ती चाकं होती, आणि मधला उंचवटा म्हणजे इंजिन. डिसेंबरात माझा वाढदिवस असतो. आन्के माझी मोपेड कातत होती.

मी कोणाला काही सांगितलं नाही. चकती उलटी केली, आन्केच्या लेथवर लावली आणि हातोडीने ठोकली. काका माझा दंड धरायला पुढे आले, तोवर मी बटण दाबलं होतं.

चकती गायला लागली.

काकांनी हात मागे घेतला. ते कान देऊन ऐकत होते. अगदी बरोबर बसली होती, केसाचाही फरक नव्हता. नवशिक्याच्या हाताने इतकं नीट बसत नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “कात मग. बघू नकोस.”

माझ्या डोक्यात चित्र साधं होतं. पुढे हँडल, मग टाकी, मग वाकून बसलेला एक माणूस, आणि त्याच्या मागे सपाट सीट. एवढंच. साडेपाच वाजले असतील. बाहेर बर्फ निळा पडायला लागला होता. बाकीचे लोक निघून गेले होते, हेर्टविगबाई तेवढ्या कोट हातात घेऊन थांबल्या होत्या. दिव्याचा पिवळा गोल लेथवर पडला होता. मी डोळे मिटले.

हँडल झालं. टाकी झाली. माणसाची पाठ झाली. मग मी पटाशी मागच्या सीटवर आणली आणि वास बदलला. डिंकाचा गोड वास गेला. त्या जागी कुजलेली पानं, चिखल आणि गार लोखंड. तळ्याच्या काठी उभं राहिलं की येतो तसा. लेथचा आवाजही खाली खाली उतरला. तो आता गात नव्हता आणि ठोकतही नव्हता. सुरू करून उभी ठेवलेली मोपेड करते तसा फटफट आवाज येत होता. आणि माझ्या उजव्या हातावर दुसरा हात होता.

तो हात गार होता. त्याने मला दाबलं नाही, ओढलं नाही. लहानपणी ती माझा हात धरून अक्षरं काढायला लावायची, तेवढ्याच जोराने तो माझ्या हातावर होता. पटाशी आत जात होती आणि बाहेर येत होती, आत आणि बाहेर, लेथच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. लेथ मिनिटाला हजार फेरे मारते. माणसाचा हात तेवढा भराभर हलू शकत नाही. पण माझा हलत होता, आणि मला तो संथ चालल्यासारखा वाटत होता.

“आन्के...” मी म्हणालो.

हात गेला. आवाज परत वर चढला. मी डोळे उघडले तेव्हा कडं सुटून माझ्या डाव्या तळव्यात पडलं होतं. हेर्टविगबाईंनी विचारलं, तू इतका वेळ कोणाशी बोलत होतास? मी तर एकच शब्द बोललो होतो.

काकांनी कडं ठोकळ्यावर ठेवलं, सुरी लावली आणि हातोडी मारली. पहिला काप बाहेर आला. काकांनी तो दिव्याखाली धरला आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. चाकं, इंजिन, हँडल, आणि वर वाकून बसलेला एक माणूस. “मोपेड,” हेर्टविगबाई म्हणाल्या आणि हसल्या, “अगदी हाच की हा.” काकाही हसले. म्हणाले, कड्यातून मोपेड काढणारी तीच एक.

दुसरा काप तसाच. तिसरा तसाच. सातव्या कापात मागच्या सीटवर बारीक फुगवटा होता.

काका म्हणाले, लाकूड फुगलं असेल. नवव्यात फुगवटा वर आला होता. बाराव्यात त्याला खांदा होता.  हातोडी पडत होती आणि एकेक काप सुटत होता. विसाव्या कापात मागे कोणीतरी अर्धवट वर चढलेलं होतं. तिसाव्यात ती पुरती बसलेली होती, आणि तिचा गाल पुढच्या माणसाच्या पाठीला टेकलेला होता.

काकांनी हातोडी खाली ठेवली. मग परत उचलली, कारण अर्धं कडं अजून शिल्लक होतं. पुढच्या कापांत ती पाठीपासून सुटत गेली. मग खाली उतरत गेली. मग फुगवटा. मग काही नाही. शेवटच्या कापात मी परत एकटाच होतो.

हेर्टविगबाईंनी दोन काप उचलले, एकमेकांवर ठेवले, दिव्यापुढे धरले. त्या शिकलेल्या बाई. त्यांनी विचारलं, चकती मध्यावर बसली नसेल, म्हणून असं झालं असेल का? काकांनी मान हलवली. वाकडी बसली असती तर फुगवटा मागे-पुढे सरकला असता, त्याला डोकं कुठून आलं असतं? आणि ती वाकडी बसली नव्हती. त्यांनी स्वतः ऐकलं होतं. बाईंनी काप जागच्या जागी ठेवले, कोट घातला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

काकांनी सगळे काप ठोकळ्यावर जसेच्या तसे गोल मांडले. ती चढत होती, बसत होती, उतरत होती. पुन्हा चढत होती. आम्ही दोघं बघत होतो. तेव्हा मी विचारलं.

“काका, ती फाटकात किती वेळ थांबली होती?”

 काकांनी एक काप उगाच सरळ केला.

“रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. दोनदा मी खिडकी उघडून म्हटलं, तो काही येत नाही, उद्या जा. दोन्ही वेळा म्हणाली, उशिरा येतो, पण येतो.”

“रागावली होती?”

“नाही,” काका म्हणाले. “तिला थंडी वाजत होती.”

त्यांनी काप एका कापडी पिशवीत क्रमाने भरून दिले, मधे मधे कागद घालून. मी फाटकात आलो. अंधार पडत होता. मोपेडवर बसलो, पिशवी छातीशी ठेवली, किक मारणार इतक्यात मागची स्प्रिंग दबली. करकर आवाज करत गाडी मागून खाली गेली, आन्केच्या वजनाइतकी. ते वजन मला पाठ आहे. मी मागे बघितलं नाही. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, कोटाच्या आतपर्यंत एवढीशी जागा गार झाली.

मी रडत होतो आणि हसत होतो. हळू चालवत होतो, आयुष्यात पहिल्यांदा. घराचा रस्ता तळ्यावरून जातो. मी ठरवलं होतं, तिथे थांबायचंच नाही, तिला सरळ घरी न्यायचं. वळण आलं. गाडी चालूच होती, आणि स्प्रिंग वर आली. पाठीवरची गार जागा गेली. तळ्यावर फक्त बर्फ होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खाली गेलो आणि फाटकात थांबलो. स्प्रिंग दबली. तळ्याशी वर आली. तिसऱ्या दिवशी तसंच. मी वेगाने जाऊन बघितलं. गाणं म्हणत, बोलत जाऊन बघितलं. मी आलोय, आता घरी चल, असं म्हणत तळ्याजवळून गेलो. प्रत्येक वेळी ती तिथे उतरली. दोन आठवडे मी माझ्या बहिणीला रोज संध्याकाळी त्या तळ्यावर सोडून येत होतो. तुमच्या घरात असं कोणी असतं, तर तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगतो.

घरी टेबलावर मी ते काप गोल मांडून ठेवले होते. एका रविवारी मी ती उतरते ते सगळे काप उचलले, मागचे तीस, आणि चुलीत टाकले. ओल्या लाकडासारखे ते बराच वेळ सूं सूं करत राहिले, मग पेटले. टेबलावर अर्धंच कडं राहिलं. मी एकटा, मग ती चढते, मग ती बसलेली. पुढे काही नाही.

सोमवारी ती फाटकात बसली. तळ्याचं वळण आलं आणि गेलं. स्प्रिंग दबलेलीच होती. माझ्या पाठीला गारवा तसाच होता. मी पाय जमिनीला घासत घासत चढ चढलो, घरापर्यंत, अंगणात, शेडमध्ये. गाडी स्टँडला लावली. म्हणालो, आलो बघ घरी. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं, बटाट्याची धिरडी केली, दोन बश्या मांडल्या. कोणी आलं नाही. परत शेडमध्ये जाऊन बघितलं तर सीट तशीच खाली गेलेली होती.

मंगळवारी मी काकांना जाऊन सांगितलं. चालत गेलो. ते लेथ पुसत होते. मी काय जाळलं ते ऐकल्यावर त्यांचा फडका थांबला.

“मग आता ती उतरणार कुठून?” ते म्हणाले.

ते मला रागावले नाहीत. मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टबातली एक नवी चकती काढली आणि माझ्यापुढे ठेवली, आणि तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तेच कातायला बघतो, ती उतरते ते तीस काप. डोळे मिटून कातत राहतो. वास येत नाही. माझ्या हातावर कोणाचा हात येत नाही. कडं फोडलं की साठ मोपेडी निघतात, एकासारखी एक, आणि प्रत्येकीवर मी एकटा. काका म्हणतात, हात मात्र तुझा छान बसला.

मोपेड तेव्हापासून शेडमध्येच आहे. तिला वाटलं तर घरात येता यावं म्हणून मी शेडचं दार उघडं टाकून झोपतो, दाराला दगड लावून. सकाळी उठून शेडच्या खिडकीच्या काचेतून आत बघतो, मग तिथूनच आत शिरतो. सीट दबलेलीच असते, म्हणजे ती तिथेच असते. दार मात्र बंद असतं, आणि त्याचा अडसर आतून घातलेला असतो.